कुंपणाच्या आतली वसुबारस

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. करायला दुसरं काही नाही म्हणून इथले लोक रानात भटकतात, असं पहिली काही वर्षं माझं प्रामाणिक मत होतं. पुढे लक्षात आलं की त्यांना ते खरोखर आवडतं. पाऊस असो, धुकं असो, सत्तरीतली जोडपी हातात काठ्या घेऊन टेकडी चढत असतात आणि समोरून येताना 'ग्रूस गॉट' म्हणून अशी हसतात, जणू ती टेकडी त्यांनीच सकाळी पुसून ठेवली आहे. माझ्या बायकोलाही हे वेड लागलं. आम्ही बॉबलिंगेनला राहतो. तिथून गाडीने तासाभरात आल्बचे डोंगर लागतात, आणि दर रविवारी डबा भरून तिकडे जायचं हा आमच्या घरचा नियम होऊन बसला.

मला निसर्ग आवडतो, पण गाडीच्या काचेतून. मी मुळातच भित्रा आहे आणि नोकरीही तशीच मिळाली. ब्रेक तयार करणाऱ्या एका कंपनीत मी सुरक्षिततेचं काम बघतो. म्हणजे काय काय बिघडू शकेल याची दिवसभर कल्पना करत बसायचं. बिघडलं तर माणसाला किती लागेल, तशी वेळ किती वेळा येईल, आणि आलीच तर चालवणाऱ्याला सावरता येईल का, हे प्रश्न प्रत्येक धोक्याला विचारायचे आणि त्याला एक आकडा द्यायचा. दिवसभर हे केल्यावर संध्याकाळी डोकं बंद होत नाही. जंगलात इतरांना बीचच्या झाडांची पिवळी पानं दिसतात, मला कुणाच्या तरी डोक्यात पडणारी वाळकी फांदी दिसते. उंच गवत दिसलं की गोचीड आठवते, आणि घरी आल्यावर मी मुलीच्या कानांमागे, गुडघ्यांमागे टॉर्च मारून शोधत बसतो. झाडीच्या कडेला शिकाऱ्याचं मचाण दिसलं की मी मोठमोठ्याने बोलायला लागतो. वर कुणी बंदूक घेऊन बसला असेल तर खालून रानडुक्कर नव्हे, मराठी माणूस चाललाय हे त्याला कळलेलं बरं. बायको म्हणते, तुझ्याबरोबर फिरायला जाणं म्हणजे विमा एजंटबरोबर मधुचंद्राला जाणं.

गेल्या सप्टेंबरात आई तीन महिन्यांसाठी आली. वडील गेल्यानंतरची तिची ही पहिलीच खेप. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे, आणि सगळा जन्म पुण्यात गेलेला, आधी दोन खोल्यांत आणि मग फ्लॅटमध्ये. मला वाटलं, चला, रविवारी घरी बसायला सोबत झाली. झालं भलतंच. पहिल्याच रविवारी ती साडीवर सुनेचं फुगीर जॅकेट, पायात स्पोर्ट शूज आणि डोक्यावर नातीची लोकरी टोपी घालून सगळ्यांच्या आधी दारात उभी राहिली.

आणि मग तिचं ते बघणं सुरू झालं. मी माझ्या आईला असं काही बघताना कधी पाहिलं नव्हतं. घरात ती नेहमी कशाच्या तरी मागे असायची, दूध, गॅस, पाणी, कुणाचं तरी औषध. इथे मागे लागण्यासारखं काहीच नव्हतं. वाटेतल्या प्रत्येक बाकावर ती बसायची आणि समोरच्या दरीकडे बघत राहायची. सफरचंदांच्या जुन्या झाडांखाली लाल-पिवळा सडा पडलेला असायचा, तो ओलांडताना ती साडी अशी उचलायची जणू कुणाच्या अंगणातली रांगोळी ओलांडते आहे. वर घारी फिरत असायच्या, त्यांच्याकडे मान मोडेपर्यंत बघायची. किती छान रे, एवढंच तिचं म्हणणं. एकदा तिने विचारलं, हे सगळं कुणाचं? मी म्हटलं, काही शेतकऱ्यांचं, काही सरकारचं. मग म्हणाली, आणि आपल्याला येऊ देतात? त्याचंच तिला अप्रूप वाटत राहिलं. मला तिचा हेवा वाटायचा. मी तिच्या मागे हात पुढे करून चालत असायचो, ती घसरली तर धरता यावं म्हणून, आणि त्या नादात मला दरी कधी दिसलीच नाही.

आई कशालाच घाबरत नाही हे मी लहानपणापासून गृहीत धरलं होतं. वडिलांचं मोठं ऑपरेशन होतं त्या दिवशीही सकाळी उठून तिने सगळ्यांसाठी पोहे केले होते आणि त्यात लिंबू पिळायला विसरली नव्हती. माझा भित्रेपणा वडिलांकडून आला असणार, असा माझा हिशेब होता.

आमच्या नेहमीच्या वाटेवर एक कुरण लागतं. डोंगराच्या कुशीतलं, तीन बाजूंनी झाडी, खाली गावाचं चर्च. पायवाट त्या कुरणाच्या मधूनच जाते. दोन्ही टोकांना ढकलून आत जायची छोटी फाटकं आहेत आणि बाकी सगळीकडे विजेची तार. फाटकावर पाटी आहे. पाट्या वाचणारा आमच्या घरात मी एकटाच. या गाई वासरांसह मोकळ्या असतात, वासरांच्या रक्षणासाठी अंगावर येऊ शकतात, अंतर ठेवा, असं तिच्यावर लिहिलं आहे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मान खाली घातलेल्या गाईचं चित्रही आहे. ह्या दुधासाठी पाळलेल्या गाई नव्हेत. वासरं त्यांच्याजवळच वाढतात. पुढे त्या वासरांचं काय होतं हे मी आईला सांगितलं नव्हतं. अशा गाईंनी फिरायला आलेल्या माणसांना तुडवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि मी त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेल्या असतात. त्यामुळे आम्ही कुरणाला बाहेरून वळसा घालायचो. बायको दर वेळी कुरकुरायची, की सगळं गाव आतून जातं.

आई मात्र त्या तारेपाशी उभी राहिली की हलायची नाही. दसऱ्याच्या सुमाराला तिथे एक तांबडी, शिंगांची गाय नवं वासरू घेऊन दिसायला लागली. वासरू गाईचं अंग सोडत नव्हतं. ती चरत पुढे सरकली की तेही सरकायचं, थांबली की लगेच ढुशी मारून प्यायला लागायचं. आई ते बघत राहिली आणि म्हणाली, या वर्षी वसुबारस इथेच करू.

वसुबारशीला गाय-वासराची पूजा करायची, दिवसभर उपास धरायचा, गहू खायचा नाही, दूधदुभतं शिवायचं नाही, आणि हे सगळं मुलांसाठी. पुण्यात हे कसं चालतं ते मी पाहिलं होतं. देवळाबाहेर एक बाई खांबाला गाय बांधून बसलेली असते. तिच्याकडूनच पेंढी घ्यायची, तिच्याच गाईला घालायची, कपाळाला कुंकू लावून पाठीवर हात फिरवायचा. गाय त्या वेळी बहुधा रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघत असते. वासरू असलं तर असलं, ते तिचंच असेल असंही नाही. ज्या वर्षी देवळापर्यंत जाणं जमलं नाही त्या वर्षी देव्हाऱ्यातली चांदीची गाय. माझ्या आईच्या आयुष्यातल्या सगळ्या गाई या अशा होत्या, बांधलेल्या नाहीतर चांदीच्या. मोकळी गाय काय चीज असते हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मला फक्त वाचून ठाऊक होतं.

मी स्पष्ट सांगितलं, पूजा करायची तर तारेच्या बाहेरून. कुंकू हवेत सोड, फुलं आत टाक, नमस्कार कर आणि परत फिर. पाटीवरचं चित्रही दाखवलं. तिने ते नीट पाहिलं आणि म्हणाली, बरं. ती इतक्या सहज बरं म्हणाली तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

वसुबारशीच्या दिवशी बायको डीन्स्टराइझवर होती, कंपनीच्या कामाला हांबुर्गला. मी दुपारीच ऑफिसातून निघालो, मुलीला होर्टमधून, म्हणजे शाळेनंतरच्या पाळणाघरातून उचललं आणि तिघं डोंगराकडे गेलो. आईने सकाळपासून बिनदुधाच्या चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. बाजरीचं पीठ आणि फ्रीझरमधली गवार घरी तयार होती, पूजा झाल्यावर भाकरी करायची होती. पुण्याहून आणलेलं जड पितळी ताट तिने मांडीवर धरलं होतं. त्यात हळदकुंकू, शेवंतीची फुलं, उडदाचे वडे, पाण्याचा छोटा गडू आणि निरांजन. वाटेत माझ्या मुलीने जर्मनमध्ये विचारलं की गाय वडे खाईल का, आणि आईने मराठीत सांगितलं की न खाऊन सांगते कुणाला. त्या दोघींचं असंच चालतं. नात जर्मन बोलते, आजी मराठी, आणि दोघींनाही दुभाष्या लागत नाही.

आम्ही तारेपाशी पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. कळप वरच्या अंगाला होता, लांब. आई म्हणाली थांबू जरा, येतील खाली. मग तिच्या लक्षात आलं की काडेपेटी गाडीत राहिली. गाडी वळणापलीकडे चर्चच्या मागे लावली होती. काडेपेटी खरोखरच राहिली होती की ठेवली होती, हे मी अजून तिला विचारलेलं नाही. मी मुलीला जर्मनमध्ये बजावलं, आजीजवळ थांब, तारेला हात लावू नकोस. आईला मराठीत बजावलं, इथून हलू नकोस. आणि गेलो.

परत येताना वळणावरून मला कुरण दिसलं, आणि आधी मला ते नुसतं सुंदर वाटलं. खरं सांगतो, या देशात इतक्या वर्षांत इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. तिरपं ऊन सगळ्या उतारावर पसरलं होतं, गवताचं एकेक पातं दिसत होतं, झाडीचा पिवळा रंग पेटल्यासारखा झाला होता, आणि मधोमध निळ्या साडीतली एक बाई हातात ताट घेऊन उभी होती. मी क्षणभर थांबलोसुद्धा. मग ती माझी आई आहे हे कळलं, आणि मी फाटकाकडे धावत सुटलो.

मुलगी फाटकाबाहेर एकटी उभी होती. तिने मला पाहिलं आणि रडवेल्या आवाजात जर्मनमध्ये सांगितलं की आजी गेली, मी नको म्हटलं तरी गेली. मी तिला फाटकाच्या खांबाला दोन्ही हातांनी धरायला लावलं. काहीही झालं तरी आत यायचं नाही, असं तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. माझा स्वतःचा आवाज मला ओळखू येत नव्हता.

आईने गाय निवडली नव्हती, वासरू निवडलं होतं. ते कळपापासून बाजूला गवतात बसून होतं, तिला सोपं वाटलं असणार. तिने वाकून त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. वासरू दचकून उठलं आणि हंबरलं. वर चरणाऱ्या गाईंनी एकदमच माना वर केल्या. तांबडी कळपातून निघाली. ती धावत नव्हती, चालतच येत होती, पण कुठे जायचंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. आईपासून थोड्या अंतरावर येऊन थांबली, जोरात फुरफुरली, आणि मान खाली घातली.

पाटीवर जे चित्र होतं, तेच. मी तारेच्या आत येऊन हळू आवाजात म्हणत होतो, आई, मागे ये, पळू नकोस, मागे ये. आईने माझ्याकडे न बघता हात वर करून मला गप्प राहायची खूण केली. पूजा चालू असताना लहानपणी मी मधे बोललो की करायची तीच खूण. तिला वाटत होतं गाय कुंकवासाठी कपाळ पुढे करते आहे. गाईने पुढच्या पायाने माती मागे उडवली. आईने गडू उचलला आणि तिच्या पायांवर पाणी घालायला वाकली.

अशा वेळी काय करावं हे मला पाठ आहे. पळायचं नाही, ओरडायचं नाही, गाय आणि वासरू यांच्या मधे कधीही यायचं नाही. मी पळालो, ओरडलो, आणि त्या दोघांच्या बरोबर मधे जाऊन पोचलो. आईचं कोपर धरून तिला खेचलं. त्याबरोबर गाय माझ्याकडे वळली. एवढं मोठं जनावर एवढ्या चटकन वळू शकतं हे मला खरं वाटलं नसतं. मागे सरताना माझा पाय ओल्या शेणावरून सटकला आणि मी पाठीवर पडलो. मग मला फक्त तिचं डोकं दिसत होतं, ओलं नाक, आणि त्यामागे शिंगं. त्या क्षणी मला बायको आठवली नाही, देव आठवला नाही. फाटकापाशी उभी असलेली माझी मुलगी हे सगळं बघणार आहे, एवढंच मनात आलं, आणि त्याची भीती मरणाच्या भीतीहून मोठी होती.

तेवढ्यात ताटातलं सगळं माझ्या अंगावर पडलं, कुंकू, फुलं, वडे. आई माझ्या आणि गाईच्या मधे आली होती. बाकावरून उठायला जिला हात द्यावा लागतो ती बाई तिथे कशी पोचली हे मला सांगता येणार नाही. तिने ते पितळी ताट दोन्ही हातांनी उचललं आणि गाईच्या नाकावर मारलं. पुन्हा मारलं. तो आवाज खाली गावापर्यंत गेला असेल. आई ओरडत होती, पण त्यात शब्द नव्हते. असला आवाज तिच्या गळ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. गाईने डोकं झटकलं. त्या झटक्याने आई फेकली गेली आणि हातावर पडली, पण पडल्या पडल्या उठून पुन्हा माझ्यापुढे उभी राहिली.

गाय थांबली होती. दोघी समोरासमोर धापा टाकत होत्या. मग वासरू बाजूने धावत गेलं आणि गाईच्या पोटाखाली शिरलं. गाईने मान वळवून त्याला हुंगलं, त्याच्या कपाळावरचं कुंकू चाटलं, आणि त्याला घेऊन सावकाश वर निघून गेली. आम्ही पाठ न फिरवता उलटे चालत फाटकापर्यंत आलो. ते अंतर संपतच नव्हतं. फाटक लावल्यावर माझी मुलगी आजीच्या पोटाला मिठी मारून रडली, आणि मी गवतात बसलो.

आवाज ऐकून खालच्या गोठ्यातून शेतकरी आला. तो चिडलेला होता आणि चिडायचा त्याला हक्क होता. पाटी वाचता येत नाही का, म्हणाला. मग आमच्याकडे नीट बघून, माझ्या अंगावरचं कुंकू बघून, घाबरला. मी सांगितलं की ते रक्त नव्हे. कुणाला लागलंय का, असं त्याने दोनदा विचारलं. तो म्हणाला, माणसाच्या अंगावर एकदा गेलेली आणि त्याला जखमी करणारी गाय मला ठेवता येत नाही, तिला पाठवावं लागतं. आईने मला विचारलं, तो काय म्हणतोय? मी सांगितलं. तिने विचारलं, पाठवायचं म्हणजे कुठे? ती माझ्या तोंडाकडे बघून समजली.

मग आईने पदर अंगभर ओढून घेतला, उजवा हात त्याच्या आत नेला आणि शेतकऱ्याकडे बघून हसली. "गुट," ती म्हणाली. "गुट, गुट." आठ आठवड्यांत तिला आलेलं तेवढंच जर्मन होतं. शेतकऱ्याचा चेहरा सैल झाला. त्याने ते ताट कुरणातून आणून दिलं. त्याच्या मधोमध खोलगट पोचा आला होता.

गाडीत बसल्यावर तिने पदरातून हात बाहेर काढला. मनगट दुप्पट सुजलं होतं आणि हात भलत्याच बाजूला वळला होता. तिने तोवर हूं की चूं केलं नव्हतं. मी थेट हॉस्पिटलच्या नोटआउफनामेकडे, तातडीच्या विभागाकडे गाडी घातली. आत जाण्याआधी तिने मला दारात थांबवलं आणि गाईचं नाव घ्यायचं नाही, असं बजावलं. मी डॉक्टरला सांगितलं, ओल्या गवतावर घसरली. ते तसं खोटंही नव्हतं, घसरलं कोण एवढंच बदललं होतं.

हाड मोडलं होतं. प्लास्टर झालं, आणि आणखी एक फोटो बघून मग सोडतो म्हणाले, म्हणून आम्ही बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. आईचा चेहरा पांढरा पडला होता. सकाळपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं. मी मशीनमधून मिळेल ते आणलं, सँडविच, ब्रेत्सेल नावाचा पिळाचा पाव, केक. तिने एकेक पाकीट बघितलं आणि बाजूला ठेवलं. सगळ्यात गहू, नाहीतर लोणी, नाहीतर दूध. ती म्हणाली, घरी गेल्यावर भाकरी खाईन.

त्यावर माझा तोल गेला. इतका वेळ आत दाबून ठेवलेली भीती रागाच्या रूपाने बाहेर पडली. मी दबक्या आवाजात तिला वाट्टेल ते बोललो. की तू आज मरता मरता वाचलीस. मी मेलो असतो. या पोरीने ते पाहिलं असतं. आणि तू गव्हाचं काय घेऊन बसलीस? शेवटी मी विचारलं, "तुला कशाचीच भीती कशी वाटत नाही गं?"

आईने माझ्याकडे असं बघितलं, की हा माझाच मुलगा का, असं तिला वाटत असावं.

"भीती वाटत नसती, तर उपास कशाला धरला असता?" ती म्हणाली.

समोरच्या भिंतीवर डोंगराचं एक मोठं चित्र होतं, हिरवं कुरण, निळं आकाश. ती त्याच्याकडे बघत हळूहळू बोलत राहिली. मी पोटात होतो तेव्हा तिने वसुबारस धरली. मी लहानपणी तापाने फणफणलो तेव्हा धरलीच होती. मी इंजिनीयरिंगला गेलो, मोटरसायकल घेतली, जर्मनीला निघालो, तेव्हा दर वर्षी तिला वाटायचं की आता हा मोठा झाला, आता सोडावं. "दर वर्षी ठरवते सोडायचं," ती म्हणाली. "नाही धाडस होत."

ऑपरेशनच्या दिवशीचे पोहे मला तेव्हा आठवले. त्या सकाळी ती काय करत होती ते आत्ता कळलं, कारण मीही तेच करतो. हात कशात तरी गुंतवून ठेवायचे, म्हणजे ते थरथरताना कुणाला दिसत नाहीत. आता एक हात प्लास्टरमध्ये होता आणि दुसऱ्याला काही काम नव्हतं. तो मांडीवर थरथरत होता. मी धरला, तरी थांबला नाही.

माझ्याकडे बघायचं ती टाळत होती.

"मी मारलं तिला. आजच्या दिवशी, वासराच्या देखत," ती म्हणाली. "तुला काही होणार नाही ना रे?"

दिवसभर मी लोकांना हेच सांगत असतो, कशाने काय होऊ शकतं आणि कशाने होऊ शकत नाही. मी म्हटलं, नाही, काही होणार नाही. असं काही नसतं, आई. तिने मान हलवली. पण तिला ते पटलं नव्हतं, आणि मी आणखी काही तरी ठाम बोलावं म्हणून ती थांबली होती.

मुलगी झोपेत कण्हली. फाटकाचा खांब धरून धरून तिच्या तळहातांवर लाल वळ उठले होते. आईने तिचे केस मागे सारले आणि डोळे मिटून मागे टेकली. मलाही सडकून भूक लागली होती, आणि फोडलेलं ब्रेत्सेल माझ्या हातात होतं. मी मांडीवरच्या पोरीकडे बघितलं. मग ते ब्रेत्सेल पुन्हा कागदात गुंडाळलं आणि बाजूला ठेवून दिलं.